बंद लिफाफ्यातले नाव

शाळेच्या हस्तलिखितासाठी कथास्पर्धा असो, वाचनालयाची काव्यस्पर्धा असो किंवा एखाद्या विज्ञानसंस्थेची विज्ञानकथा स्पर्धा असो, नियमांच्या यादीत एक नियम बहुधा आढळतो. साहित्यावर कोठेही नाव लिहू नये, नाव-पत्ता वेगळ्या कागदावर लिहून बंद लिफाफ्यात घालावा. आपण हा नियम वाचतो, विद्यार्थ्यांना वाचून दाखवतो आणि पुढे जातो. पण हा नियम आला कोठून? त्याने नक्की काय साधते? आणि मुख्य म्हणजे, काय साधत नाही? या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर कथा-कवितांच्या स्पर्धांच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. त्या वाटेवर काही विजेते भेटतात, काही हरलेलेही भेटतात आणि मधूनच विज्ञानाचा इतिहासही डोकावतो.

लेखक उघड, परीक्षक झाकलेले

लेखनस्पर्धा ही काही छापखान्यानंतरची गोष्ट नव्हे. प्राचीन अथेन्स नगरात डायोनिसस देवाच्या वसंतोत्सवात दरवर्षी शोकांतिकांची स्पर्धा होत असे. ही नाटके पद्यातच असत, म्हणजे ती एका अर्थाने कवींचीच स्पर्धा होती. तीन कवी निवडले जात आणि प्रत्येकाची नाटके हजारो प्रेक्षकांसमोर होत. कोणाचे नाटक आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. मग पक्षपात टाळायचा कसा?

अथेन्सकरांनी त्यावर असा उपाय केला, की लेखकाऐवजी परीक्षकच शेवटपर्यंत अनिश्चित ठेवायचा. नगराच्या दहा गटांतून प्रत्येकी एक असे दहा परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. त्यांनी क्रम लिहून दिले तरी सगळी मते मोजत नसत. त्यांतली काही मते पुन्हा चिठ्ठीसारखी उचलून त्यांवरून निकाल लावत. कोणाला लाच द्यावी हेच आधी कळू नये, अशी ही व्यवस्था होती.

पद्धत विचारपूर्वक केलेली होती, यात शंका नाही. पण निकाल काय लागले? इ. स. पूर्व ४३१ मध्ये युरिपिडीसने इतर नाटकांबरोबर ‘मेडिया’ सादर केले. त्याला तिघांत तिसरा क्रमांक मिळाला. दुसरा आला सोफोक्लीस आणि पहिला आला युफोरिऑन. आज ‘मेडिया’ जगभर रंगमंचावर येते. युफोरिऑनचे एकही संपूर्ण नाटक निश्चितपणे त्याच्या नावावर आपल्यापर्यंत आलेले नाही. म्हणजे पद्धत निःपक्षपाती असली, तरी तिचा निर्णय काळाच्या निर्णयाशी जुळेलच असे नाही. ही गोष्ट आपण सुरुवातीलाच ध्यानात ठेवू.

पॅरिसचा लिफाफा

लेखकाचे नाव झाकण्याची पद्धत युरोपातील विद्वत्संस्थांच्या निबंधस्पर्धांत चांगली रुजलेली दिसते. पॅरिसची विज्ञान अकादमी एखादा अवघड प्रश्न जाहीर करी आणि त्यावर निबंध मागवी. निबंधावर नावाऐवजी एखादे बोधवाक्य लिहायचे. तेच बोधवाक्य एका बंद लिफाफ्यावर लिहायचे आणि नाव त्या लिफाफ्याच्या आत. बक्षीस ठरल्यावर लिफाफा फोडायचा.

विज्ञानाच्या शिक्षकांना या स्पर्धांपैकी एक चांगली ठाऊक असेल. १८१८ सालच्या स्पर्धेचा विषय होता प्रकाशाचे विवर्तन. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या खात्यातील एक तरुण अभियंता, ऑग्युस्तँ फ्रेनेल, याने त्यात निबंध पाठवला. निसर्ग साधा आहे आणि समृद्धही, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्याने निवडले होते. प्रकाश म्हणजे तरंग, असे त्याचे म्हणणे. परीक्षकांत लाप्लास, बिओ आणि प्वासाँ यांच्यासारखे कणवादाचे समर्थक होते. प्वासाँने फ्रेनेलचे गणित पुढे नेऊन दाखवले, की हे खरे मानले तर लहान गोल तबकडीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. सावलीच्या मध्यात उजेड! त्याला हे अशक्य वाटले. दुसरा परीक्षक अरागो याने प्रयोग करून पाहिला आणि ठिपका दिसला. १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळाले.

येथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. अरागो हा फ्रेनेलचा सहकारी होता, दोघांनी मिळून प्रयोगही केले होते. स्पर्धेत निबंध आले होते फक्त दोन. म्हणजे लिफाफा बंद असला तरी आतले नाव ओळखणे फार अवघड नव्हते. निकाल खऱ्या अर्थाने लागला तो त्या ठिपक्यामुळे. परीक्षकाचे मत काहीही असो, ठिपका एक तर दिसतो किंवा दिसत नाही.

याच अकादमीच्या १८८८ सालच्या बोर्दँ पारितोषिकासाठी पंधरा निबंध आले. स्थिर बिंदूभोवती फिरणाऱ्या दृढ पदार्थाच्या गतीवरचा एक निबंध इतका उत्तम ठरला, की बक्षिसाची रक्कम ३००० फ्रँकवरून ५००० फ्रँक करण्यात आली. लिफाफ्यातून नाव निघाले सोफिया कोवालेवस्काया. ज्या काळात युरोपातील कित्येक विद्यापीठे स्त्रियांना प्रवेशही देत नव्हती, त्या काळात हे घडले. कोवालेवस्काया गणिताबरोबर साहित्यातही रमणारी होती. तिने आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या, कादंबरीलेखनही केले.

आता प्रश्न असा, की हीच पद्धत कथा-कवितांना लावली तर काय होते? तेथे सावलीतला ठिपका दाखवून वाद मिटवता येत नाही. परीक्षकाला वाचावे लागते आणि स्वतःच्या रुचीवर भरवसा ठेवावा लागतो.

बाल्टिमोर, १८३३

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात ‘सॅटर्डे व्हिजिटर’ नावाचे साप्ताहिक निघत असे. १८३३ च्या जूनमध्ये त्याने स्पर्धा जाहीर केली. उत्कृष्ट कथेला ५० डॉलर, उत्कृष्ट कवितेला २५ डॉलर. त्या काळी नियतकालिकांना अशा स्पर्धांतून दोन फायदे होत. चांगले साहित्य मिळे आणि खपही वाढे.

परीक्षक तिघे होते. कादंबरीकार आणि वकील जॉन केनेडी, वकील जॉन लॅट्रोब आणि डॉक्टर जेम्स मिलर. लॅट्रोबने पुढे अनेक वर्षांनी त्या बैठकीच्या आठवणी सांगितल्या. एकेक हस्तलिखित उचलायचे, थोडे वाचायचे आणि बाजूला टाकायचे, असे चालले होते. शेवटी एक लहानशी वही हाती आली. छापील अक्षरांसारख्या सुबक अक्षरात लिहिलेल्या त्या वहीत एक नव्हे, सहा कथा होत्या. लॅट्रोब मोठ्याने वाचू लागला आणि शेवटपर्यंत वाचतच राहिला. बक्षीस या वहीलाच द्यायचे हे ठरले. प्रश्न उरला तो सहापैकी कोणत्या कथेला, एवढाच. निवड झाली ती ‘बाटलीत सापडलेले हस्तलिखित’ या अर्थाच्या नावाच्या कथेची. एक जहाज दक्षिण ध्रुवाकडे ओढले जाते आणि भोवऱ्यात नाहीसे होते, अशी ती गोष्ट. अंटार्क्टिका खंडाच्या अंतर्भागाबद्दल त्या काळी जवळजवळ काहीच माहिती नव्हते. ज्ञानाची सीमा जेथे संपते तेथून कल्पनेने पुढे जाणारी ही कथा आहे. विज्ञानकथेच्या पूर्वजांत तिला जागा द्यायला हरकत नाही.

लिफाफ्यात नाव होते एडगर अ‍ॅलन पो. वय २४, नोकरी नाही, बाल्टिमोरमध्ये आत्याच्या घरी राहणारा. त्याचे तीन लहान कवितासंग्रह निघाले होते, पण फार कोणी त्यांची दखल घेतली नव्हती. दोन वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाच्या एका साप्ताहिकाच्या १०० डॉलरच्या स्पर्धेतही त्याने कथा पाठवल्या होत्या. तेथे बक्षीस डीलिया बेकन या तरुण लेखिकेला मिळाले होते. गंमत म्हणजे हीच डीलिया बेकन पुढे वेगळ्याच कारणाने गाजली. शेक्सपिअरची नाटके शेक्सपिअरने लिहिलेलीच नाहीत, ते नाव पुढे करून दुसऱ्यांनीच ती लिहिली, असे तिने १८५७ च्या आपल्या पुस्तकात मांडले. अभ्यासकांना ते पटले नाही. पण नाव आणि लेखन यांच्या नात्याने तिलाही झपाटले होते, हे खरे.

बाल्टिमोरच्या स्पर्धेत पोने कविताही पाठवली होती. विषय होता रोममधील कोलोसियमचे भग्नावशेष. कवितांतही पोचीच कविता आघाडीवर होती, पण एकाच लेखकाला दोन्ही बक्षिसे देऊ नयेत असा विचार झाला, असे पुढे सांगितले गेले. कवितेवर नाव नव्हते, पण अक्षर होते. वहीतले आणि कवितेचे सुबक अक्षर एकच होते. लिफाफा बंद असूनही अक्षराने ओळख सांगितली.

कवितेचे बक्षीस मिळाले हेन्री विल्टन या कवीला. नंतर कळले, की असा कोणी कवी नाहीच. ते टोपणनाव होते आणि त्यामागे होता जॉन हिल हेविट, म्हणजे ‘सॅटर्डे व्हिजिटर’चाच संपादक! पो भयंकर चिडला. दोघांची रस्त्यात बाचाबाची झाल्याचेही सांगतात.

हेविटचे काय चुकले? त्याच्या बाजूने पाहिले तर परीक्षकांना त्याचे नाव ठाऊक नव्हते. आपल्या नावाचा दबाव त्यांच्यावर पडू नये म्हणूनच टोपणनाव घेतले, असे तो म्हणू शकत होता आणि त्यात तथ्यही आहे. पण ज्या पत्राने स्पर्धा भरवली त्याच्याच संपादकाने टोपणनावाने उतरणे, हे इतर स्पर्धकांना कसे वाटेल? आजच्या स्पर्धांत ‘आयोजक व त्यांच्या नातेवाइकांना भाग घेता येणार नाही’ असा नियम लिफाफ्याच्या नियमाला जोडूनच का येतो, ते येथे कळते. परीक्षकाच्या डोळ्यांवरची पट्टी पुरेशी नाही. स्पर्धकाचा विश्वास बसेल अशी व्यवस्थाही हवी.

पोला आणखी एक मोठे बक्षीस मिळाले ते १८४३ मध्ये. फिलाडेल्फियाच्या ‘डॉलर न्यूजपेपर’ने त्याच्या ‘सोनेरी भुंगा’ या अर्थाच्या नावाच्या कथेला १०० डॉलर दिले. सांकेतिक लिपीतला मजकूर अक्षरांच्या वारंवारतेवरून कसा उलगडावा, हे या कथेत पायरीपायरीने दाखवले आहे. इंग्रजीत कोणते अक्षर सर्वांत जास्त वेळा येते, तेथून सुरुवात. कथेचा अमाप खप झाला. पण तेव्हाही स्पर्धेचा निकाल आधीच ठरलेला होता, असा आरोप एका लेखकाने छापून केलाच. बक्षिसाबरोबर संशय येतो, हे त्या काळीही होते.

पदकविजेता संस्थापक

टोपणनावाचा एक प्रसंग चक्क ऑलिंपिकमध्ये घडला. आज अनेकांना आश्चर्य वाटेल, पण १९१२ ते १९४८ या काळातील ऑलिंपिकमध्ये खेळांबरोबर चित्र, शिल्प, वास्तुरचना, संगीत आणि साहित्य यांच्याही स्पर्धा होत आणि पदके दिली जात. १९१२ मध्ये स्टॉकहोमला साहित्याचे सुवर्णपदक मिळाले ते खेळाचे स्तोत्र गाणाऱ्या एका गद्यकाव्याला. लेखकाच्या जागी दोन नावे होती, जॉर्ज होरोड आणि एम. एशबाख. एक नाव फ्रेंच वळणाचे, दुसरे जर्मन वळणाचे. प्रत्यक्षात हे दोघेही म्हणजे पिअर द कुबर्तँ, आधुनिक ऑलिंपिकचा संस्थापक आणि या कलास्पर्धांचा पुरस्कर्ता.

कुबर्तँने नाव झाकले हे योग्यच केले, असे वाटते. खऱ्या नावाने कविता आली असती तर तिला मागे सारण्याचे धैर्य कोणाला झाले असते? पण हेविटबद्दलचा प्रश्न येथेही उरतोच. ज्याने मैदान आखले त्यानेच शर्यतीत उतरावे का?

ना. वि. ज. आणि ज. वि. ना.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडची एक घटना पाहू. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची. विज्ञानाचा प्रसार मराठीतून व्हावा यासाठी परिषदेने जे उपक्रम हाती घेतले, त्यांत विज्ञानरंजन कथा स्पर्धा हा एक. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे नाव कोणी ऐकलेले नव्हते. कृष्णविवर हा शब्दही तेव्हा सामान्य वाचकाच्या फारसा परिचयाचा नव्हता. कथेला पहिले बक्षीस मिळाले.

लेखक होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर केलेल्या संशोधनामुळे आणि १९६५ च्या पद्मभूषणामुळे त्यांचे नाव घरोघर पोचलेले होते. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला. ज. वि. ना. चे झाले ना. वि. ज. एवढ्यावर ते थांबले नाहीत. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांनी पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहून घेतली. पोच्या बाबतीत लिफाफ्याला जी फट राहिली होती, नेमकी तीच येथे बुजवलेली दिसते.

हेविट, कुबर्तँ आणि नारळीकर या तिघांनीही नाव लपवले. पण नारळीकरांचा त्या स्पर्धेच्या आयोजनाशी संबंध नव्हता. ते साधे स्पर्धक होते. नामवंत शास्त्रज्ञाने लिहिली म्हणून कथा चांगली, असे कोणी म्हणू नये, कथा म्हणून ती उभी राहते का ते कळावे, हा त्यांचा हेतू. प्रसिद्ध माणसालाही खरे मत ऐकायचे असेल, तर आधी आपले नाव बाजूला ठेवावे लागते. बंद लिफाफा अनोळखी माणसाला उपेक्षेपासून वाचवतो आणि नामवंताला खुशामतीपासून. त्याचे हे दुसरे काम आपल्या सहसा लक्षात येत नाही.

पुढचा इतिहास वाचकांना माहीत आहे. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी विज्ञानकथेच्या या नव्या प्रवाहाची दखल घेतली. नारळीकर लिहीत राहिले. ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह आला. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा शास्त्रज्ञ म्हणून जितके, जवळजवळ तितकेच कथाकार म्हणूनही महाराष्ट्राने त्यांचे स्मरण केले.

आपल्या वर्गात

आता आपल्या शाळेकडे वळू. वर्गात कथास्पर्धा घेतली तर आपल्यासमोरची अडचण बाल्टिमोरच्या परीक्षकांपेक्षा मोठी असते. आपल्याला प्रत्येक मुलाचे अक्षर ठाऊक असते. हा हुशार, ही आळशी, याचे वडील अमुक, अशी मते आधीच तयार असतात. ती कितपत आड येतात, हे कळण्यासाठी एक साधा प्रयोग सुचवावासा वाटतो. नेहमीप्रमाणे नावासह दहा निबंध तपासा आणि गुण वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. तेच निबंध दुसऱ्या कोणाकडून एकाच अक्षरात उतरवून घ्या, क्रमांक घाला आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. दोन्ही गुण शेजारी मांडा. फरक पडला तर तो कोणाच्या बाजूने पडला, ते पाहा. निष्कर्ष काय निघेल हे आम्ही आधी सांगणार नाही. प्रयोग करणाऱ्यानेच तो काढावा. थोडा फरक नुसत्या पुन्हा तपासण्यानेही पडतो. म्हणून आणखी दहा निबंध दोन्ही वेळा नावासह तपासले, तर तुलना अधिक पक्की होईल.

स्पर्धा घेताना काही गोष्टी सहज करता येतात. शेजारच्या शाळेतील शिक्षकांना परीक्षक होण्याची विनंती करावी. एकाऐवजी दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे. लिफाफे सर्वांसमोर फोडावेत. ज्या शिक्षकांची मुले स्पर्धेत असतील, त्यांनी बाजूला राहावे.

इतके करूनही एक फट उरतेच आणि ती अक्षरापेक्षा मोठी आहे. नाव झाकता येते, अक्षर झाकता येते, भाषा झाकता येत नाही. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी घरातले मूल गोष्ट लिहू लागले, की त्याच्या वाक्यात घरचे शब्द येतात. परीक्षकाच्या हातातले लाल पेन तेथे आपोआप थांबते. ‘अशुद्ध’ म्हणून गुण कापले जातात आणि निकालपत्रावर पुन्हा तीच ठरावीक घरांतली नावे येतात. लिफाफा बंद होता, नियम पाळले होते, तरीही. म्हणून कथास्पर्धेत शुद्धलेखनाचे गुण वेगळे ठेवावेत आणि परीक्षकांनी ते आधी आपसात ठरवून घ्यावे. सांगण्याजोगे काही या मुलाजवळ आहे का, ते प्रथम पाहावे. वर्तनी पुढे शिकवता येते.

शेवटी पुन्हा बाल्टिमोरला जाऊ. त्या परीक्षकांनी निकालाबरोबर पोच्या सहाही कथांची प्रशंसा केली आणि त्या पुस्तकरूपाने छापाव्यात असे सुचवले. केनेडी तेवढ्यावर थांबला नाही. १८३५ च्या मार्चमध्ये त्याने पोला जेवायला बोलावले. पोने कळवले, की अंगावरचे कपडे तुमच्या घरी येण्याच्या लायकीचे नाहीत. केनेडीने त्याला कपडे दिले, आपल्या घरी हक्काने जेवायला येण्यास सांगितले आणि रिचमंडच्या ‘सदर्न लिटररी मेसेंजर’ या मासिकाच्या मालकाकडे त्याची शिफारस केली. त्याच वर्षी पो तेथे नोकरीला लागला आणि लेखक म्हणून उभा राहिला.

बक्षिसाचे ५० डॉलर केव्हाच संपले असतील. आपल्या शाळेच्या स्पर्धेतले बक्षीस तर बहुधा एखादे पुस्तक नि प्रमाणपत्र एवढेच असते. पण लिफाफा फोडल्यावर अनपेक्षित नाव निघाले, मागच्या बाकावरच्या, कधी हात वर न करणाऱ्या मुलीचे, तर टाळ्या झाल्यावर तिला जवळ बोलावून पुढची गोष्ट कधी लिहितेस, एवढे तरी विचारावे. आणि जिचा क्रमांक आला नाही, तिच्याही कथेखाली दोन ओळी लिहून ती परत द्यावी.